परत भट्टीत गेलेला माल

बेळगाव शहरातून खानापूर रस्त्याने निघाले की टिळकवाडी मागे पडते आणि उद्यमबाग लागते. पंपांचे, व्हॉल्व्हचे आणि वाहनांचे सुटे भाग बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतणाऱ्या फौंड्र्या येथून पुढे मच्छेपर्यंत पसरल्या आहेत. या शहराला लोखंडकाम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये येथेच सायकलचे दुकान काढले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर येथेच घडवले, आणि जागा सोडणे भाग पडल्यावर 1910 मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर आपला कारखाना हलवला. आज आपण उद्यमबागेतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत आलो आहोत. मालकांच्या इच्छेनुसार तिचे नाव आम्ही सांगणार नाही.

काही वर्षांपूर्वी ही फौंड्री बंद पडण्याच्या बेतात होती. ऑर्डरींची टंचाई नव्हती, दोन्ही पाळ्या भरून चालत होत्या, तरीही बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा कायम संपलेली असे आणि कच्च्या लोखंडाच्या व्यापाऱ्याची उधारी वाढतच जाई. मालकांना आधी वाटले की दर कमी पडतो आहे. मग वाटले की यंत्रे जुनी झाली आहेत. खरे कारण फेटलिंग, म्हणजे ओतलेले नग घासून साफ करण्याच्या, विभागाच्या मागच्या भिंतीलगत साचलेल्या भंगाराच्या ढिगात होते, आणि तो ढीग रोज डोळ्यांसमोर असूनही त्याचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

याला ओतकामातील एक जुना समज कारणीभूत आहे. सदोष निघालेला नग पुन्हा वितळवता येतो, म्हणून तो वाया गेला असे कोणाला वाटतच नाही. "माल जातो कुठे, परत भट्टीतच येतो," हे वाक्य या धंद्यात सर्रास ऐकू येते. लोखंड परत येते हे खरे. बाकीचे काहीच परत येत नाही. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला नीट चाललेल्या कारखान्यातही साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते, आणि सदोष नगासाठी ती दुसऱ्यांदा मोजावी लागते. वाळूचा साचा, नगातली पोकळ जागा राखणारा कोअर, वाळू बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी, साचे भरणाऱ्या मोल्डरची मजुरी आणि घासकाम हे सारे एकदा खर्च होऊन गेलेले असते. त्याहून वाईट म्हणजे काही दोष कातडीखाली लपलेले असतात. असा नग पुण्याला किंवा हुबळीला पोहोचतो, ग्राहकाच्या लेथवर दुसऱ्या कटाला आतली पोकळी उघडी पडते, आणि मग मालाबरोबर पतही जाते.

बदलाची सुरुवात नव्या यंत्राने झाली नाही. रोज सकाळी नऊ वाजता मालक स्वतः त्या ढिगापाशी उभे राहू लागले. आदल्या दिवशीचे नाकारलेले नग ओळीने मांडायचे, घण घालून फोडायचे आणि दोष डोळ्यांनी पाहायचा, असा नेम ठरला. वायू अडकून झालेली पोकळी आतून गुळगुळीत असते. आकसण्यामुळे झालेली खडबडीत असते आणि बहुधा जाड भागात सापडते. वाळू शिरलेल्या जागी कण हाताला लागतात. प्रत्येक दोषाचे मूळ वेगळे आणि उपायही वेगळा. मजगाव, पिरनवाडी, येळ्ळूरहून येणाऱ्या कामगारांपैकी काहींची भाषा मराठी, काहींची कन्नड, म्हणून दोषांचा फळा दोन्ही भाषांत लिहिला गेला. आधीच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि त्या कोणी वाचत नसे.

फळ्यावर पहिल्याच पावसाळ्यात वायूच्या पोकळ्या सर्वांत वर आल्या. सह्याद्रीच्या कुशीतल्या या भागात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते, आणि नवी वाळू तर उघड्यावर पडलेली होती. ओल्या वाळूच्या साच्यात ओलावा साधारण तीन ते चार टक्के हवा. तो वाढला की सुमारे 1400 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या धातूच्या रसाखाली पाण्याची वाफ होते, ती पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते, आणि वाट मिळाली नाही तर धातूतच अडकून बसते. तोवर पाण्याचे प्रमाण मुठीच्या अंदाजाने ठरत असे. आपण पाहत आहोत, ज्येष्ठ मोल्डर मूठभर वाळू दाबतात, गोळा मधोमध मोडतात आणि कडा न्याहाळतात. ही पारख खोटी नाही. चांगला मोल्डर अशी बरीच वाळू बरोबर ओळखतो. पण साच्यातून परतलेली गरम वाळू मुठीलाही फसवते. म्हणून वाळूवर छप्पर आले, पावसाळ्यापुरती वाळू मे महिन्यातच भरली जाऊ लागली, आणि दर तासाला ओलावा मोजण्याचे काम त्याच ज्येष्ठ मोल्डरांकडे सोपवले गेले. तीन ठोक्यांत 50 मिलिमीटर उंचीचा नमुना ठोकून वाळूची ताकद आणि हवा जाऊ देण्याची क्षमता तपासायलाही ते शिकले.

सर्वांत अवघड निर्णय मजुरीचा होता. मोल्डरला भरलेल्या बॉक्समागे, म्हणजे साच्याच्या चौकटीमागे, पैसे मिळत आणि नग सदोष निघाला की कापले जात. दोष वाळूचा असो, भट्टीचा असो की ज्यावरून साचा उमटवतात त्या पॅटर्नचा, कात्री त्याच्याच मजुरीला लागे. त्यामुळे वाळू ओली आहे हे दिसत असूनही तो बोलत नसे, कारण काम थांबले तर बॉक्स कमी भरणार. मालकांनी ही कपात बंद केली आणि वाळू खराब असल्याचे सांगून काम थांबवले तर त्या वेळेचीही मजुरी द्यायला सुरुवात केली. आमच्या मते या कारखान्याचे नशीब याच निर्णयाने पालटले. माणसे खरे बोलू लागल्यावर फळ्यावरचे आकडे खरे झाले, आणि आकडे खरे झाल्यावरच उपाय लागू पडले.

भट्टीकडे त्यानंतर लक्ष गेले. साचे तयार नसताना रस तयार होई, तो धरून ठेवण्यात वीज जाई, आणि ओतेपर्यंत तापमान उतरून पातळ भिंतींचे नग अर्धवट भरत. आता साचे बंद होऊन ओळीत लागल्याखेरीज भट्टी भरली जात नाही. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलात हा फरक लवकरच दिसला.

मालकांनी दोन जुन्या ग्राहकांची कामेही सोडली. ते नग या कारखान्याच्या साच्यांना आणि कोअरला झेपणारे नव्हते, पण नाते जुने म्हणून वर्षानुवर्षे तोट्यात ओतले जात होते.

कारखाना आता उधारीतून बाहेर आला आहे, मात्र दुसऱ्या पाळीतले सदोष नग अजूनही पहिल्या पाळीपेक्षा जास्त निघतात. सकाळी मालक असतात; रात्री पर्यवेक्षकाला ओतकाम थांबवण्याचा धीर होत नव्हता. गेल्या महिन्यात तो अधिकार त्यांना लेखी देण्यात आला असून, त्यांनी थांबवलेल्या प्रत्येक ओतकामाची नोंद सकाळच्या पाहणीत सर्वांसमोर वाचली जाते.