दोन यंत्रं, एक पट आणि तुरीचे पन्नास दाणे

(दृश्य: संध्याकाळ. घराची छपरी. दोन टेबलांवर दोन जुने, जाड पाठीचे मॉनिटर. मधे खाटेवर लाकडी पट.)

यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. वैशाख सरत आलाय. पऱ्हाट्या उपटून झाल्या, धुऱ्यावर त्यांचे ढीग लागलेत. वखरून ठेवलेली वावरं मृगाची वाट पाहताहेत. दुपारी या गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. सात वाजले की दारं उघडतात, अंगणात पाणी शिंपडलं जातं, आणि दहा-बारा माणसं आमच्या छपरीत येऊन बसतात. बुद्धिबळ पाहायला.

खेळणारी माणसं मात्र इथं नाहीत. डावीकडच्या संगणकात सार्गन आहे, १९७८ सालचा. उजवीकडच्यात चेसमास्टर २०००, १९८६ सालचा. दोघेही बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम. त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. म्हणून माझी भाची, नववीतली, डावीकडची चाल मोठ्यानं वाचते. माझे मोठेबाबा ती चाल लाकडी पटावर खेळतात. मग ती उठून उजवीकडं जाते आणि तीच चाल तिथं टाइप करते. एका डावात अशा शंभरावर खेपा होतात.

(दृश्य: वहीचं पान. रेघा मारलेले रकाने, निळ्या शाईत चाली.)

मोठेबाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. तरुणपणी ते पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचे. एका कार्डावर एक चाल लिहायची, पेटीत टाकायची आणि उत्तराची वाट पाहायची. एक डाव वर्ष-दीड वर्ष चालायचा. ती कार्डं अजून ट्रंकेत आहेत. मी जेव्हा त्यांना पहिल्यांदा सांगितलं, की दोन देशांचे संगणक असेच तारेनं खेळले होते, तेव्हा ते ताठ बसले.

ती गोष्ट १९६६ ची. एका बाजूला अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला मॉस्कोतली एक भौतिकशास्त्राची संस्था. चाली तारेनं जायच्या. चार डाव, जवळपास नऊ महिने. दोन डाव बरोबरीत सुटले, दोन मॉस्कोनं जिंकले. एका प्रोग्रामनं दुसऱ्या प्रोग्रामशी खेळलेला हा पहिला सामना.

"म्हणजे तिथंही कोणीतरी माणूस तार घेऊन पळतच असन," मोठेबाबा म्हणाले. त्या दिवसापासून भाचीच्या खेपांना आमच्या घरात 'तार' म्हणतात. "आबाजी, तार आली!"

हे दोन्ही संगणक तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या एका संगणक क्लासमधून भंगाराच्या भावात आणले. ते सार्गनपेक्षा कितीतरी नवे. सार्गन ज्या झेड-८० नावाच्या चिपसाठी लिहिला गेला, ती चिप आत नाहीच. म्हणून आधी एम्युलेटर चालवावा लागतो, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. चेसमास्टरसाठी डॉसबॉक्स नावाचा असाच एम्युलेटर. आणि इथं न्यायाचा प्रश्न येतो. जुन्या प्रोग्रामला नव्या यंत्राचा वेग दिला, तर तेवढ्याच मिनिटांत तो लिहिणाऱ्यानं कधी पाहिली नसेल इतकी खोल नजर टाकू शकतो. मग तो जुना राहिला कुठं? म्हणून आम्ही वेग कमी करून ठेवतो. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ-११ दाबत गेलं की यंत्र मंद होत जातं. भाची ते दाबत असते आणि मोठेबाबा पडद्याकडं पाहत म्हणतात, "अजून. अजून थोडं. हं, राहू दे."

(दृश्य: सार्गनचा पडदा. साधी अक्षरं, ठोकळ्यांचे मोहरे.)

सार्गन एका जोडप्यानं लिहिला. डॅन आणि कॅथलीन स्प्रॅकलेन. नाव मेसोपोटेमियाच्या प्राचीन राजाचं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात घरगुती संगणकांवरच्या बुद्धिबळ प्रोग्रामांची स्पर्धा झाली, ती सार्गननं जिंकली. पुढं त्यांनी अख्खा प्रोग्राम, ओळीन् ओळ, पुस्तकात छापला. कोणीही वाचावा, टाइप करावा, बदलावा. मला या माणसांबद्दल मनापासून आदर आहे. स्वतःच्या प्रोग्रामचं डोकं उघडं करून दाखवायला छाती लागते.

सार्गनला विचारलं जातं: किती चाली पुढचं पाहू? एक ते सहा. आम्ही तीन देतो. त्याची एक, समोरच्याची एक, पुन्हा त्याची एक.

तीन ऐकायला कमी वाटतात. पण डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याला वीस चाली असतात. काळ्यालाही वीस. दोघांची एकेक चाल होईपर्यंत चारशे वेगवेगळे पट तयार होतात. मधल्या डावात एका वेळी सरासरी पस्तीसेक चाली निघतात. तीन पायऱ्यांचा गुणाकार चाळीस हजारांच्या वर जातो. सगळं पाहत बसलं तर रात्र सरेल. मग यंत्र छाटणी करतं. ही छाटणी कशी चालते हे मी आमच्या शेजारच्या काकांना समजावत होतो आणि माझं काही जमत नव्हतं. शेवटी त्यांनीच मला समजावलं.

"पाय. कापसाची गाडी घेऊन गेलो. पहिल्या व्यापाऱ्यानं भाव सांगतला. तो पक्का. आता दुसऱ्याकडं गेलो. त्यानं मोठा भाव सांगतला, पण वजनात इतकी कपात सांगतली, का पहिल्यापेक्षा कमीच पडते. मंग त्याले हमाली किती, पैसे कवा देशीन, हे कायले इचारू? गाडी फिरवली, तिसऱ्याकडं."

संगणकाच्या पुस्तकांत याला अल्फा-बीटा म्हणतात. एका चालीला समोरच्याचं एक मारक उत्तर सापडलं आणि ती हातात असलेल्या चालीपेक्षा वाईट ठरली, की तिची बाकीची उत्तरं तपासायची नाहीत. काकांचं गणित तंतोतंत तेच आहे. मी इतकी वर्षं वाचूनही इतक्या सोप्या शब्दांत कधी मांडलं नव्हतं.

(दृश्य: रात्र. बल्बभोवती पाखरं. गर्दी पटावर वाकलेली.)

चौथ्या डावात सार्गनचा उंट फसला. तीन बाजूंनी प्यादी, परतीची वाट बंद. छपरीतल्या प्रत्येकाला दिसत होतं की उंट गेला. सार्गनलाही दिसत होतं, कारण तो मार दुसऱ्याच पायरीवर होता. मग त्यानं काय करावं? त्यानं एक प्यादं पुढं ढकललं, थेट चेसमास्टरच्या वजिरावर. चेसमास्टरनं प्यादं खाल्लं. सार्गननं दुसरं प्यादं ढकललं. तेही गेलं. आणि त्यानंतर उंट गेलाच.

गर्दीत कुजबुज झाली. हा असा मूर्खासारखा का खेळतोय?

कारण त्याची नजर तीन पायऱ्यांची. प्यादं देऊन वजिराला धमकावलं, की समोरच्याला आधी तिकडं लक्ष द्यावं लागतं. उंट मारला जाण्याचा क्षण दुसऱ्या पायरीवरून चौथ्या पायरीवर सरकतो. चौथी पायरी सार्गनला दिसतच नाही. त्याच्या हिशोबानं उंट वाचला. पुढच्या चालीला पुन्हा तेच संकट समोर उभं, पुन्हा एक प्यादं देऊन ते नजरेपलीकडं ढकललं.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग खांबाला टेकून बसलेला एक जण म्हणाला, "हा सावकाराले टाळून रायला. आज दारातून परत पाठवाले घरातलं भांडं देते. उद्या तो येतेच."

हे वाक्य ऐकल्यावर मी कॅमेरा बंद केला होता. नंतर त्यांच्या परवानगीनं पुन्हा लावला आणि त्यांनी ते पुन्हा सांगितलं. या गावात असं भांडं कोणी कोणी दिलंय, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

या दोषाला नाव दिलं हान्स बर्लिनर यांनी: क्षितिजाचा परिणाम. नजर जिथं संपते तिथं क्षितिज, आणि संकट त्याच्या पलीकडं ढकललं की ते टळलं असं वाटणं. बर्लिनर संगणकशास्त्रज्ञ होते, आणि त्याआधी पत्रानं खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते. हे कळल्यावर मोठेबाबा आत गेले आणि आपली कार्डांची ट्रंक बाहेर घेऊन आले. कोणाला काही दाखवलं नाही. नुसती शेजारी ठेवून बसले.

(दृश्य: ट्रंक. वरच्या कार्डावरचा पुसट शिक्का.)

आज खिशातल्या मोबाइलवर चालणारा प्रोग्राम जगज्जेत्यालाही हरवतो. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकानं तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा ते यंत्र सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासत होतं. त्या ताकदीपुढं मी नतमस्तक आहे. पण तसल्या दोन प्रोग्रामांची झुंज मी या छपरीत लावून पाहिली आहे. वीस मिनिटांत लोक उठून गेले. चाली अचूक होत्या, आणि त्या का अचूक आहेत हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं. सार्गन चुकतो तेव्हा का चुकला ते सांगता येतं. त्याच्याशी भांडता येतं. स्प्रॅकलेन नवरा-बायकोंनी कोणत्या गोष्टीला किती किंमत दिली असेल, याचा अंदाज बांधत माणसं रात्री अकरापर्यंत बसतात.

आणि ही किंमत देण्याची रीत संगणकाहून जुनी म्हणावी अशी. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांनी प्यादं १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५, वजीर १० अशा किमती धरून नियम लिहिले. ते चालवू शकेल असं यंत्र नव्हतं. १९५२ मध्ये ते स्वतःच कागदावर गणित करत, एकेका चालीला अर्धा-अर्धा तास घेत, यंत्राच्या वतीनं खेळले आणि हरले. भाचीला ही गोष्ट फार आवडते. तिनं एका रविवारी वहीत तसा हिशोब करून पाहिला. सहा चालींत तिची दुपार गेली.

एक डाव मात्र आम्हाला पुरा करताच आला नाही. डेव्हिड हॉर्न यांचा झेडएक्स-८१ या छोट्या घरगुती संगणकासाठी लिहिलेला बुद्धिबळ प्रोग्राम, अवघ्या ६७२ बाइटचा. त्या यंत्राची स्मृतीच एक किलोबाइट. तुम्ही आत्ता ऐकताय ते निवेदन लिहून काढलं तरी त्यात मावणार नाही. इतक्या जागेत हॉर्न यांनी खेळ बसवला, आणि त्यासाठी तीन गोष्टी सोडल्या: किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं; आँ पासाँ, म्हणजे दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं प्याद्यानं तिरकं जाऊन मारणं; आणि प्याद्याची बढती, म्हणजे शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर करणं. आम्ही त्याला सार्गनसमोर बसवलं. आठव्या चालीला सार्गननं किल्लेकोट केला. आता ही तार झेडएक्सला द्यायची कशी? त्याच्या जगात अशी चालच नाही. भाची बोटं कळफलकावर ठेवून तशीच उभी राहिली.

गावातले सगळ्यात वयस्कर आजोबा पुढं सरकले. त्यांच्या लहानपणी देशी डाव चालायचा. त्यात आजचा किल्लेकोट नव्हता. राजाला शह लागलेला नसेल तर एकदाच अडीच घराची घोड्याची चाल मिळायची. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं जायचं. "त्याची चूक नाई," ते म्हणाले. "त्याले आपला डाव येते, याले इंग्रजी." दोन वेगळ्या रीतींचे खेळाडू एका पटावर बसवले, हा दोष आमचाच. तो डाव मोठेबाबांनी वहीत 'स्थगित' म्हणून लिहिला.

(दृश्य: वाटीत तुरीचे दाणे.)

शेवटचा डाव. चेसमास्टरला आम्ही सगळ्यात सोप्या पातळीवर ठेवलं होतं. चौसष्टाव्या चालीला पटावर तीनच मोहरे उरले. सार्गनचा राजा आणि हत्ती, समोर एकटा राजा. हे जिंकणं इथं पाचवीतलं पोरगंही करतं. राजाला हत्तीनं कोपऱ्यात रेटत न्यायचं, मग मात. पण मात दहा-बारा चाली दूर. सार्गनला दिसतात तीन पायऱ्या. त्या तीन पायऱ्यांत त्याला कुठली चाल कुठल्या चालीपेक्षा बरी हेच कळेना. हत्ती डावीकडं, हत्ती उजवीकडं.

पन्नास चालींत कोणी मारलं नाही आणि प्यादं हललं नाही, तर डाव बरोबरीत सोडवता येतो. मोठेबाबांनी वाटी मागवली. दोघांची एकेक चाल झाली की तुरीचा एक दाणा.

"रेट ना बाप्पा! कोपऱ्यात रेट!" लोक पडद्याला सांगत होते. एकविसावा दाणा. तिसावा. मधे एकदा राजा कडेला लागला आणि सगळे उठून उभे राहिले. हत्ती पुन्हा मागं आला.

एकेचाळिसाव्या दाण्याला लाइट गेली.

डाव साठवून ठेवायला वेळच मिळाला नव्हता. दोन्ही पडदे काळे. अंधारात कोणीतरी मोबाइलचा उजेड पटावर धरला. लाकडी मोहरे जागेवर होते. भाचीनं पट तसाच उचलून आतल्या खोलीत नेला, वर टोपलं पालथं घातलं, मांजर येऊ नये म्हणून. वाटी शेजारी.

(दृश्य: पहाट. टोपलं उचलणारा हात.)

सकाळी सहाला लाइट आली. तीन मोहऱ्यांची जागा दोन्ही यंत्रांत पुन्हा मांडली. वेग तपासला. पाहायला फक्त आम्ही तिघं, आणि दूध घेऊन जाता जाता थांबलेले काका. बेचाळीस. त्रेचाळीस. सार्गनचा हत्ती जसा रात्री फिरत होता तसाच फिरत राहिला.

पन्नासावा दाणा भाचीनं टाकला. मोठेबाबांनी वहीत अर्धा-अर्धा गुण लिहिला, तारीख घातली, पेनाचं टोपण लावलं. काकांनी दुधाचा कॅन उचलला आणि विचारलं, "संध्याकाळी पांढरं कोणाचं?"

भाचीनं पट फिरवला.