ओतीव गोळीची अचूकता: साचा बघण्याआधी थ्रोट बघा

(दृश्य: टेबलावर चार साचे उघडे. प्रत्येकासमोर त्यातून निघालेली एक गोळी.)

चार साचे, चारही पॉइंट 38 स्पेशल रिव्हॉल्व्हरचे. पहिली गोळी आखूड, पुढून जवळजवळ सपाट: 148 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) वॉडकटर. दुसरीला खांदा आहे, खांद्यापुढे निमुळते नाक आणि टोक कापलेले. ही सेमी-वॉडकटर. तिसरी गोल नाकाची, 158 ग्रेन. चौथीही गोलच, पण टोकाला चपटी.

यातली सगळ्यात अचूक कोणती, हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण समोर रिव्हॉल्व्हर कोणते, ते मोजल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

(दृश्य: सिलिंडर बाहेर काढलेला. कॅमेरा चेंबरच्या पुढच्या तोंडावर.)

रायफलमध्ये चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, आणि नळी एकाच लोखंडात असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी केसमधून, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यातून, सुटते, चेंबरच्या पुढच्या अरुंद भागातून, म्हणजे थ्रोटमधून जाते, सिलिंडर आणि नळीमधली फट ओलांडते, फोर्सिंग कोनमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडात, शिरते आणि मग कुठे रायफलिंगला, म्हणजे नळीतल्या पीळदार खाचांना, लागते. फट साधारण 0.004 ते 0.008 इंच. आणि थ्रोट एक नाही, सहा. सहाही सारखे असतील असे गृहीत धरू नका.

थ्रोट 0.356 इंच आणि नळीच्या खाचांचा व्यास 0.357 असेल, तर 0.358 ची गोळी थ्रोटमध्येच दाबली जाऊन बारीक होते. पुढे नळीत ती सैल पडते, तप्त वायू तिच्या कडेने निसटतो आणि शिसे खरवडून नळीला चिकटवतो. मग कितीही नामांकित साचा आणा, जाळी, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, पसरणारच. उलट, थ्रोट खाचांपेक्षा किंचित मोठा आणि गोळी थ्रोटच्या मापाची असेल, तर साधा साचाही चांगली जाळी देतो. ओळखायची खूण सोपी आहे: गोळी प्रत्येक थ्रोटमधून बोटाच्या दाबाने सरकली पाहिजे. आपोआप पडली तर लहान, हातोडी लागली तर मोठी.

नळी मोजताना मात्र एक अडचण येते. स्मिथ अँड वेसनच्या नळीत पाच खाचा असतात. मऊ शिशाचा तुकडा नळीतून काढला, की त्याच्यावर एका खाचेच्या समोर दुसरी खाच येतच नाही, त्यामुळे साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. तिथे व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो.

(दृश्य: सेमी-वॉडकटर गोळी, आडवी, जवळून. बाण एकेका पट्ट्यावर.)

आता आराखडे. सेमी-वॉडकटरची चर्चा अमेरिकी बंदूक-लेखक एल्मर कीथ यांच्यापाशी येतेच. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आखलेल्या गोळ्यांचे साचे लायमन या साचे बनवणाऱ्या कंपनीने काढले: 358429, 429421 आणि 454424. पहिले तीन आकडे व्यास सांगतात, पुढचे तीन आराखडा. कीथ यांचा आग्रह होता तीन रुंद, सारख्या पट्ट्यांचा आणि चौकोनी तळाच्या वंगण-खाचेचा. त्यातला पुढचा पट्टा, क्रिम्पच्या खाचेच्या (जिच्यात केसचे तोंड आत दाबून गोळी पकडतात) पुढचा, थ्रोटमध्ये बसतो आणि बार उडण्याआधीच गोळी मध्यावर धरतो. नाकाच्या आकारापेक्षा हा पट्टा महत्त्वाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नंतरच्या काही साच्यांत क्रमांक तोच राहिला, पण वंगण-खाच गोलसर झाली आणि पुढचा पट्टा अरुंद. म्हणून क्रमांकावर विसंबू नका, कॅलिपर लावा.

358429 चे नाक लांब आहे. पॉइंट 357 मॅग्नम केसमध्ये क्रिम्पच्या खाचेवर क्रिम्प केले, तर आखूड सिलिंडरमधून टोक बाहेर येते आणि सिलिंडर फिरत नाही.

वॉडकटरची गोष्ट वेगळी. तिचे जवळजवळ सगळे अंग केसमध्ये बसते आणि कागदाला काटेकोर गोल भोक पडते. गोल नाकाची गोळीही चांगली लागते, पण ती कागद फाडते, गुण मोजताना वाद होतात. चौथी, चपट्या टोकाची गोळी, स्पीडलोडरने (सगळी काडतुसे एकदम भरण्याचे साधन) भरताना सर्वांत आज्ञाधारक. वॉडकटर तिथे चेंबरच्या काठाला अडते.

(दृश्य: गोळ्या उलट्या मांडलेल्या, बुडे वर. एकाच्या कडेला खड्डा.)

ही खरी जागा. नळीतून सगळ्यात शेवटी बाहेर पडते ते बूड. त्याची कड एका बाजूने चेपली असेल, तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. नाकावरचा ओरखडा एवढे नुकसान करत नाही. स्प्रू प्लेट, म्हणजे साच्यावरची जादा शिसे कापणारी पट्टी, घाईने उघडली, तर शिसे फरफटते. फार उशीर केला, तर कापताना बुडाचा तुकडा उपटतो. बेव्हल, म्हणजे कड उतरती केलेल्या, बुडाची गोळी केसमध्ये सहज बसते, पण वंगण भरताना वंगण उताराखाली साचते. पोकळ बुडाची वॉडकटर मऊ शिशाची असते; तिला जोराचा भार दिला, तर घेर तुटून नळीत अडकू शकतो आणि पुढची गोळी त्यावर आदळते.

(दृश्य: निशाणाचा कागद, एकीकडे 25 यार्ड, दुसरीकडे 50.)

तुलना करताना मिश्रधातू, माप, वंगण सारखे ठेवा. लायमन नंबर 2 घ्या: 90 टक्के शिसे, 5 कथील, 5 अँटिमनी. दारूचा भार मात्र प्रत्येक वजनासाठी छापील तक्त्यातूनच, अंदाजाने नाही. साच्याची प्रत्येक पोकळी वेगळी धरा आणि गोळ्या तोला. एखादी इतरांपेक्षा 1 ग्रेनने हलकी असेल, तर आत हवेची पोकळी आहे. सुरकुत्या म्हणजे साचा थंड किंवा तेलकट. फिकट दवासारखा थर म्हणजे साचा गरम. थोडा असेल तर काही बिघडत नाही. आधी एकाच चेंबरमधून दहा गोळ्या झाडा, मग सहाही चेंबरमधून. पाच गोळ्यांची सुंदर जाळी बहुतेक वेळा नशिबाची असते.

25 यार्डांवर वॉडकटर सहसा जिंकते. 50 च्या पुढे चित्र पालटते. स्मिथ अँड वेसनच्या नळीतल्या खाचांचा पीळ 18.75 इंचांत एक फेरा, कोल्ट पायथनचा 14 इंचांत एक. सेकंदाला 700-750 फुटांच्या सावकाश वॉडकटरला पहिला पीळ पुढे अपुरा पडतो. ती डगमगते आणि कागदावर भोके लांबट उमटतात. तिथून पुढे कीथ पद्धतीची जड गोळी घ्या.

वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला, तर स्फोटासारखे उडते. चष्मा, हातमोजे, मोकळी हवा हवीच. परवाना आणि स्थानिक कायदा आधी तपासा.

(दृश्य: मायक्रोमीटरवर 0.356.)

आणि साचाच लहान गोळी देत असेल तर? अँटिमनी थोडे वाढवा, गोळी किंचित मोठी निघते. तेवढ्याने भागले नाही, तर साच्याच्या दोन पाट्यांच्या बैठकीत उष्णता सोसणारी ॲल्युमिनियम टेप, पोकळी सोडून, लावतात. अशी गोळी जराशी लंबगोल निघते, म्हणून थ्रोटच्या मापाच्या डायमधून ती एकदा काढावीच लागते.