मूत्रवाहिनी ही नुसती नळी नव्हे

नाशिककर श्रोतेहो, नमस्कार. इगतपुरीकडचा तांदूळ घरी आला की ताटात पसरून आपण त्यातले खडे वेचून टाकतो. मूत्रपिंडाची रीत नेमकी उलटी आहे. ते रक्तातले पाणी, क्षार, साखर आणि लहान प्रथिने सरसकट गाळून खाली सोडते आणि मग त्यातले कामाचे तेवढे परत उचलून घेते. माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव असा गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटरच बाहेर पडतो.

या परत उचलण्याचे एक फार जुने रूप हॅगफिशमध्ये दिसते. जबडा नसलेला, वाम माशासारखा लांबट असा हा प्राणी आपल्या गोदावरीत सापडणार नाही. तो समुद्राच्या तळाशी राहतो. त्याच्या मूत्रपिंडात रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ चांगले मोठे असतात, पण आपल्याकडे गुच्छापुढे जी लांब, वळणदार नलिका असते, ती त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. गाळलेला द्रव आखूड मानेतून थेट मूत्रवाहिनीत उतरतो आणि नलिकेचे काम वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींनाच करावे लागते. मला या प्राण्याचे खरे अप्रूप वाटते ते इथे.

या पेशींच्या आतल्या पृष्ठभागावर ब्रशच्या केसांसारखे सूक्ष्म तंतू दाटीने उभे असतात. प्रथिनाचा मोठा रेणू पेशीच्या पडद्यातून आरपार जाऊ शकत नाही. तो तंतूंच्या बुडाशी असलेल्या खळग्यात अडकतो, खळगा आत ओढला जाऊन त्याची पिशवी होते आणि ती पेशीत सुटते. पुढे आम्लधर्मी कप्प्यांत विकरे, म्हणजे एन्झाइम, त्या रेणूचे तुकडे करतात आणि सुटलेली अमिनो आम्ले पुन्हा उपयोगात येतात.

हा प्रवास डोळ्यांना दिसला तो हॉर्सरॅडिश नावाच्या मुळातून काढलेल्या पेरॉक्सिडेज या विकरामुळे. योग्य रसायने घातली की ते जिथे असेल तिथे गडद डाग उमटतो. ग्रॅहम आणि कार्नोव्स्की या संशोधकांनी १९६६ मध्ये उंदराच्या मूत्रपिंडात हा माग दाखवला आणि हॅगफिशच्या वाहिनीतही हेच विकर पेशींच्या पिशव्यांमध्ये शिरताना आढळले.

हॅगफिशचे रक्त समुद्राइतकेच खारट असते, त्यामुळे पाणी राखण्याची ओढाताण या वाहिनीला करावी लागत नाही. तरीही गाळलेल्या द्रवात गेलेले प्रथिन मात्र ती सोडत नाही.