12 मिलिअँपिअर, मुक्काम कोथरूड

[गॅलरीतून दिसणारी गल्ली, संध्याकाळ]
कोथरूडमध्ये साडेचार वाजलेत, चहाची वेळ. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला सकाळचे सात. तिथल्या डेटा सेंटरच्या नियंत्रण यंत्रणेची तपासणी इथून, पुण्यातून चालते. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहा; म्हणजे नोव्हेंबरपासून ही पाळी तासभर आणखी उशिरा सुटते.

[टेबल, दोन स्क्रीन, उघडी पीएलसी]
ही पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, सरावाची. खरी तिकडे, पॅनलमध्ये. तिथवर पोचायचं व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेने. टेबलाखाली इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर.

[फोनवरचं चित्रण: हातमोजे, कॅलिब्रेटर]
हे हात साइटवरच्या तंत्रज्ञाचे. गार पाण्याच्या पाइपवरचा प्रेशर ट्रान्समीटर 0 ते 100 पीएसआयचा; पाण्याचा दाब तो 4 ते 20 मिलिअँपिअरच्या प्रवाहात कळवतो. त्याची वायर सोडवून तिथे हवा तेवढा प्रवाह देणारा लूप कॅलिब्रेटर जोडलाय. 4 मिलिअँपिअर दिले. पुण्याच्या स्क्रीनवर 0 दिसायला हवा, दिसले 20. मग 12 दिले. 50 हवेत, आले 60. आणि 20 दिले, तर बरोबर 100! पीएलसीचं इनपुट कार्ड 0–20 वर राहिलंय, हवं 4–20 वर. नुसते 20 देऊन टिक मारली असती, तर कळलंही नसतं. म्हणून तिन्ही आकडे द्यायचे, घाई कितीही असो.

[स्क्रीन: मॉडबसची रजिस्टरं]
आता मॉडबस, म्हणजे यंत्रांची एकमेकांना आकडे कळवायची भाषा. खोलीत 25 अंश, स्क्रीनवर 0. 32 बिटांचा आकडा 16-16 च्या दोन रजिस्टरांत, म्हणजे घरांत, येतो. आधी कोणतं, ते उत्पादकागणिक बदलतं. अदलाबदल झाली की 25 चा शून्य. ही चूक निदान डोळ्यांत खुपते. जास्त फसवी चूक एका घराची. मॅन्युअलमधलं 40001 म्हणजे तारेवरचा पत्ता 0. आकडा एकाच रजिस्टरात मावणारा असेल, तर एक घर सरकलं, की विजेच्या ए फेजच्या जागी बी. दोन्हीकडे 277 व्होल्टच्या आसपास. शंका कोणाला येणार? मग तंत्रज्ञ मीटरवरचा करंट वाचून सांगतो. तो सहसा फेजगणिक वेगळा.

असे हजारो पॉइंट. वेळापत्रकात त्यांना एकच रकाना, आणि आधीची कामं लांबली की कात्री इथेच लागते.

[लोड बँक, जनरेटर]
शेवटी आयएसटी. पुण्यात ती घड्याळाची वेळ, तिथे सगळ्या यंत्रणांची एकत्र चाचणी. लोड बँक, म्हणजे सर्व्हरऐवजी वीज खाणारी यंत्रं, लावून बाहेरची वीज तोडतात. चुकीचा आकडा राहून गेला असेल तर सर्व्हरचा हॉल तापतो, चाचणी पुन्हा.

[रात्र, गल्लीतला दिवा]
अडीच वाजले. ब्रेकर, म्हणजे विजेचा मोठा स्विच, चालू-बंद करायची कमांड आज दिलेली नाही. समोर माणूस उभा असल्याशिवाय ती इथून देत नाहीत. तंत्रज्ञाने वायर टर्मिनलमध्ये परत कसली, फोन जवळ नेला आणि वायरच्या टोकाच्या फेरूलवरचा नंबर दाखवला.