गाण्याचं घर, खोकल्याचा दवाखाना

नमस्कार मंडळी, आज एका घराबद्दल बोलायचंय, घर कसलं, चांगला मोठा वाडाच, नाव क्राइग-अ-नोस, वेल्श भाषेत रात्रीचा कडा. उच्चार जमेल तसा केलाय, कोणी वेल्श माणूस ऐकत असेल तर सांभाळून घ्या. वेल्समध्ये स्वानसी शहराकडून टावे नदीच्या कडेकडेनं वर डोंगरात गेलं की हे लागतं. लोक कॅसल म्हणतात पण किल्ला-बिल्ला काही नाही, 1841 ते 43 मध्ये पॉवेल नावाच्या कॅप्टनसाठी टॉमस हेन्री वायट या आर्किटेक्टनं दगडात बांधलेलं घर, किल्ल्यासारखं दिसावं ही त्या काळच्या पैसेवाल्यांची हौस.

खरी गंमत 1878 पासून. ॲडेलिना पाटी ही ऑपेराची गायिका, त्या काळात प्रचंड मानधन घेणारी, तिनं ही जागा साडेतीन हजार पाऊंडाला घेतली आणि मग वाढवतच सुटली, इकडे एक विंग, तिकडे एक विंग, घड्याळाचा टॉवर, काचेची हिवाळी बाग, आणि शेवटी 1891 ला घरातच थिएटर! दीडशे लोकांचं. भिंतींवर व्हर्दी, रोसिनी, मोझार्ट अशी संगीतकारांची नावं. पण मला आवडते ती त्याची जमीन. गाणं असेल तेव्हा ती स्टेजकडे उतरती, म्हणजे मागच्यालाही नीट दिसावं, आणि नाच असेल तेव्हा खालून जॅक लावून उचलायची, की झाला सपाट हॉल. दीडशे माणसांसाठी एवढा खटाटोप! पण बाईंची हौस, आणि पैसाही बाईंचाच.

1919 ला पाटीबाई तिथंच वारल्या. 1921 ला घर विकलं गेलं एकोणीस हजार पाऊंडाला, घेणारी संस्था वेल्समध्ये टीबीविरुद्ध काम करणारी, आणि 1922 च्या ऑगस्टमध्ये तिथं टीबीचं हॉस्पिटल सुरू झालं, नाव ॲडेलिना पाटी हॉस्पिटल. कोळशाच्या खाणींचा मुलूख, दाटीवाटीची घरं, टीबी भरपूर. पेशंट मुख्यतः लहान मुलं आणि तरुण मुली.

आता तुम्ही म्हणाल गायिकेच्या घरात हॉस्पिटल कसं काय? तर तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन, टीबीवर चालणारं पहिलं औषध, सापडलं 1943 ला. उपचार म्हणजे पडून राहणं, खाणं आणि मोकळी थंड हवा, आपल्याकडे पाचगणीला नेत तशीच कल्पना. त्यामुळे गंमत बघा, राहायच्या घराचे जे तोटे तेच इथं फायदे झाले, गावापासून लांब, उंचावर, वारा नुसता भणभणतोय. खाटा बाल्कनीत काढायच्या आणि तिथंच ठेवायच्या, हिवाळ्यातही. सकाळी पांघरुणावर बर्फ असायचा, असं तिथं लहानपण काढलेली माणसं म्हातारपणी सांगायची. आईवडील भेटायचे महिन्यातून एकदा.

वास्तूवर लिहिणारे सगळे टॉवर नि दगडकामाबद्दल लिहितात, मी पण आत्ता तेच केलं, पण सात-आठ वर्षांच्या पोरीला त्या घरातलं काय दिसलं असेल? खाटेचे गज, बाल्कनीचा कठडा, आणि समोर डोंगर. झालं. बाकी सगळा वैभवाचा पसारा पाठीमागे.

हिवाळी बाग मात्र हॉस्पिटलच्या वाट्याला आलीच नाही, ती पाटीबाईंनी आधीच स्वानसीच्या लोकांना देऊन टाकली होती, सुटी करून नेली आणि 1920 ला व्हिक्टोरिया पार्कात पुन्हा उभी केली, आज तिला पाटी पॅव्हिलियन म्हणतात. थिएटरला पण कोणी हात लावला नाही. उतरत्या जमिनीवर खाटा कशा लावणार म्हणावं तर सपाट करायची सोय होतीच की! काही का असेना, वाचलं, आणि आज त्याला सरकारी संरक्षणात सगळ्यात वरचा दर्जा आहे.

1959 ला टीबीचं काम थांबलं, पुढे म्हाताऱ्या माणसांचं हॉस्पिटल चाललं, 1986 ला शेवटचे पेशंट खाली इस्त्राडगिनलाइस गावच्या नव्या हॉस्पिटलात गेले. वाड्याचं नंतर हॉटेल झालं. थिएटरचा जुना रंगवलेला पडदा राहिलाय, त्यावर पाटीबाई रोसिनीच्या ऑपेरातल्या सेमिरामिदे राणीच्या वेषात रथ हाकताहेत.