गेशेमा: वादाच्या अंगणातल्या कल्याणमित्रा

[संध्याकाळ. धौलाधारच्या डोंगररांगा. अंगण अजून दिसत नाही, नुसता आवाज येतो.]

हा आवाज आधी नीट ऐका.

टाळी आहे. भजनात आपण टाळी धरतो ती ठेक्यासाठी. ही टाळी प्रश्नावर पडते. प्रश्न विचारून झाला की फाडकन एक टाळी, आणि समोरचीने उत्तर द्यायचं. लगेच.

[अंगण. किरमिजी वस्त्रांतल्या भिक्षुणी, जोड्याजोड्यांनी.]

हे हिमाचल प्रदेशातलं डोल्मा लिंग. धरमशाळेच्या खालच्या अंगाला, सिद्धपूरला. डोल्मा म्हणजे तारा, आणि तिबेटीत लिंग म्हणजे स्थान. तिबेटी बौद्ध परंपरेतल्या दोनशेहून जास्त भिक्षुणी या विहारात राहतात, शिकतात, अशा वाद घालतात, आणि त्यातूनच पुढे 'गेशेमा' ही पदवी मिळवतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे भांडणच वाटतं. खाली बसलेली उत्तर देणारी, उभी असलेली विचारणारी. उभीने जपमाळ डाव्या दंडावर सरकवली. उजवा हात खांद्याच्या वर नेला, डावा पाय उचलला, आणि पाय आपटता आपटता हातावर हात आणला. आता टाळीनंतरचे तिचे हात बघा. डावा पुढे तसाच राहतो, उजवा ती मागे ओढून घेते. डाव्याने दुर्गतीचं दार दाबून धरायचं, उजव्याने अडकलेल्या जिवांना वर ओढायचं, असा याचा अर्थ सांगतात. प्रत्येक प्रश्नाला, दिवसातून शेकडो वेळा, ही आठवण हाताला करून दिली जाते.

वाद सुरू होतो तो 'धीः' या अक्षराने. प्रज्ञेचा बोधिसत्त्व मंजुश्री, त्याचं हे बीजाक्षर. नवख्या मुलींना सुरुवातीला रंगांवर वाद घालायला लावतात. उभी म्हणते, जो जो रंग असतो तो तो लालच असतो. बसलेली बेसावध असली तर म्हणून जाते, मान्य. मग उभी म्हणते, पांढऱ्या शंखाचा रंग घे. तो लाल ठरला, कारण तो रंग आहे. आता बसलेलीची कोंडी होते. तिच्या हातात उत्तरं मोजकीच असतात: मान्य आहे. का? हेतू, म्हणजे दिलेलं कारण, सिद्ध होत नाही. व्याप्ती, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' असा नियम, नाही. शंखाचा रंग हा रंगच नव्हे, असं काही तिला म्हणता येत नाही. आणि व्याप्ती नाही म्हणावं, तर मघाशी आपणच ती मान्य केलेली. ती अडखळत तेच म्हणते, आणि उभी उजव्या हाताची पाठ डाव्या तळव्यावर आपटून ओरडते, "त्सा!"

चुकलीस. आणि ते सगळ्या अंगणाला ऐकू जातं.

[बसलेली मुलगी हसते. पुन्हा सावरून बसते.]

हेतू, व्याप्ती हे शब्द ऐकून काहींचे कान टवकारले असतील. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे आपल्याकडे तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात येतं. या अंगणातला तर्क त्याच मातीतला आहे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांनी तो मांडला, नालंदेच्या परंपरेतून तो हिमालयापलीकडे गेला. आपल्याकडे मूळ पोथ्या हरवल्या. धर्मकीर्तीच्या 'प्रमाणवार्तिका'ची संस्कृत हस्तलिखितं राहुल सांकृत्यायनांना १९३० च्या दशकात तिबेटातल्या मठांत धुंडाळावी लागली. पण तिबेटींनी पोथ्याच जपल्या असं नाही. वाद घालायची रीत, ती टाळी, तो आवाज, हेही जपलं. फक्त काही शतकं ते सारं भिक्षूंपुरतं होतं.

तिबेटात भिक्षुणी होत्या. प्रार्थना होती, पूजाविधी होते, गुहेत वर्षानुवर्षं साधना करणाऱ्या थोर योगिनीही होत्या. वादाचं अंगण मात्र त्यांच्या वाट्याला जवळजवळ कुठेच आलं नाही. ग्रंथ सांगण्याचा अधिकार त्या अंगणातून मिळत असे, तेव्हा तोही आला नाही. रोजच्या बोलण्यात भिक्षुणीला 'आनी' म्हणायची पद्धत पडली. तिबेटीत आनी म्हणजे आत्या. आपुलकीचाच शब्द आहे. पण भिक्षूला गुरू म्हणावं आणि भिक्षुणीला आत्या, यातलं अंतर आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. आता पुष्कळ जण जाणीवपूर्वक 'त्सुन्मा' म्हणतात, म्हणजे आदरणीय.

[जुनी छायाचित्रं. तंबू. बांधकाम.]

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या सुरुवातीला भिक्षुणींचे मोठे गट तिबेटातून निसटून धरमशाळेला पोचले. त्यांतल्या काही जणी पूर्व तिबेटातून ल्हासाच्या दिशेने लोटांगणं घालत निघालेल्या होत्या. अंगावरच्या वस्त्रांनिशी आलेल्या बायका. बहुतेकींना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. इथे होते त्या विहारांत जागा नव्हती. १९८७ साली तिबेटी स्त्रियांनी उभ्या केलेल्या भिक्षुणी प्रकल्पाने त्यांची सोय लावली. रिंचेन खांडो या त्यामागच्या प्रमुख कार्यकर्त्या. त्यांनी निवाऱ्याच्या जोडीला शाळाही काढली. मला या गोष्टीतला हाच निर्णय सगळ्यात मोठा वाटतो. निर्वासित माणसांना आधी भाकरी द्यायची असते, हे खरं. पण या बायका शिकायला म्हणून इतका डोंगर तुडवून आल्या आहेत, हे कुणीतरी ऐकून घेतलं.

डोल्मा लिंगचं बांधकाम १९९३ मध्ये सुरू झालं. दगड, वाळू वाहायला भिक्षुणी स्वतः होत्या. २००५ च्या डिसेंबरात दलाई लामांनी विहाराचं उद्घाटन केलं. मधल्या काळात, १९९५ मध्ये, आणखी एक गोष्ट घडली. निरनिराळ्या विहारांतल्या भिक्षुणी एकत्र येऊन महिनाभर फक्त वाद घालतील, असं वार्षिक सत्र सुरू झालं. भिक्षूंची अशी सत्रं परंपरेने चालत आलेली. बायकांचं हे पहिलं.

[वर्ग. लांबट तिबेटी पोथ्या, बांधणीच्या कापडातून सोडवलेल्या.]

अभ्यास काय असतो? प्रमाण, म्हणजे ज्ञान खरं कसं ठरवायचं. प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता. मध्यमक, म्हणजे नागार्जुनाची शून्यता. अभिधर्म, म्हणजे मनाचं आणि जगाचं विश्लेषण. आणि विनय, म्हणजे संघाचे नियम. पाचही विषयांचे मूळ ग्रंथ भारतात लिहिलेले. हे पुरं करायला सतरा वर्षं. त्यात पंचाहत्तर टक्के मिळाले तर पुढच्या परीक्षेला बसता येतं, आणि ती परीक्षा चार वर्षं चालते, दर वर्षी एक टप्पा. लेखी वेगळी, वादाची वेगळी. अठराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी चाळिशीला येते, तेव्हा तिच्या नावामागे 'गेशेमा' लागतं.

गेशे हा तिबेटी शब्द 'कल्याणमित्र' या शब्दाचा अनुवाद आहे. त्याला स्त्रीलिंगी 'मा' जोडायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं.

अडचण विनयाची होती. संघाचे सगळे नियम पूर्ण उपसंपदा, म्हणजे संघाची पूर्ण दीक्षा, घेतलेल्यांनीच शिकावेत, अशी रीत. तिबेटी परंपरेत स्त्रियांची पूर्ण उपसंपदा रुजलीच नव्हती; तिथल्या भिक्षुणी काटेकोरपणे बोलायचं तर श्रामणेरी, म्हणजे सुरुवातीची दीक्षा घेतलेल्या. म्हणजे विनय पुरा शिकायचा नाही, आणि विनय शिकल्याशिवाय पदवी नाही. २०११ मध्ये केल्सांग वांग्मो या जर्मन भिक्षुणीला धरमशाळेत गेशे पदवी मिळाली आणि कोंडी फुटली. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, विहारांचे प्रतिनिधी आणि निर्वासित तिबेटी प्रशासनाचा धर्म विभाग यांनी मिळून ठरवलं की भिक्षुणींना गेशेमा पदवी द्यायची. २०१३ मध्ये सत्तावीस जणी पहिल्या परीक्षेला बसल्या.

[मुंडगोड. डोक्यावर पिवळ्या टोप्या.]

डिसेंबर २०१६. उत्तर कर्नाटकातलं मुंडगोड, हुबळीपासून फार लांब नाही. दरवर्षी थंडीत पुण्या-नाशकाच्या, नागपुरा-कोल्हापुराच्या फुटपाथवर आपण ज्या तिबेटी बायकांकडून स्वेटर घेतो, त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं घर अशाच वसाहतींत असतं. गोंदिया जिल्ह्यातही एक तिबेटी वसाहत आहे, गोठणगावजवळ. तर त्या मुंडगोडच्या द्रेपुंग विहारात वीस भिक्षुणी रांगेने पुढे आल्या आणि दलाई लामांच्या हातून त्यांनी पदवी घेतली.

वीस. आकडा लहान वाटेल. त्या वीस जणींमागे किती वर्षांच्या पहाटेच्या पाठांतराची बेरीज आहे, ती करून बघा.

[चित्रं विरतात. अजिंठ्याच्या रंगांतली एक पाऊलवाट.]

थोडं मागे जाऊ. अडीच हजार वर्षं मागे. सिद्धार्थाला आईच्या मागे वाढवलं ते त्याच्या मावशीने, महाप्रजापती गौतमीने. आम्हालाही संघात घे, असं ती कपिलवस्तूला म्हणाली तेव्हा बुद्धांनी नकार दिला. तिने केस उतरवले, चीवर अंगावर घेतलं आणि शाक्य स्त्रियांना घेऊन अनवाणी वैशालीची वाट धरली. पोचली तेव्हा पाय सुजलेले, अंगभर धूळ, डोळ्यांत पाणी. दारात ती तशीच उभी राहिली. आनंदाने तिची बाजू घेतली, आणि त्याने विचारलेला प्रश्न आजच्या अंगणात शोभेल असा होता: स्त्रीला अर्हत्पद, म्हणजे पूर्ण मुक्ती, मिळू शकते की नाही? मिळू शकते, हे उत्तर आलं, आणि मग नकार टिकला नाही.

त्याच काळातली धम्मदिन्ना ही थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, मला फार जवळची वाटते. तिचा पूर्वाश्रमीचा नवरा विशाख तिच्याकडे आला आणि धर्मातले अवघड प्रश्न एकामागून एक विचारत गेला. तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं. तो बुद्धांकडे खातरजमा करायला गेला, तर ते म्हणाले, मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं. ते सगळं संभाषण आजही बुद्धवचन म्हणून पाली त्रिपिटकात आहे.

आणि आपल्या सह्याद्रीतही या बायका होऊन गेल्या. कान्हेरीच्या, कुड्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे जे ब्राह्मी लेख आहेत, त्यांत 'पवइतिका' हा शब्द भेटतो. म्हणजे प्रव्रजिता, घर सोडून निघालेली. पुढच्या वेळी लेणी बघायला गेलात तर तो शब्द तेवढा शोधा.

[पुन्हा डोल्मा लिंग. एक भिक्षुणी फळ्यासमोर.]

पदवी मिळाल्यावर काय बदललं? पुष्कळ काळ भिक्षुणींच्या विहारांतही तत्त्वज्ञान शिकवायला भिक्षूच असत, आणि त्यांनी जीव ओतून शिकवलं, हे सांगायलाच हवं. त्यांच्याशिवाय ही पिढी घडली नसती. आता डोल्मा लिंगमध्ये गेशेमा स्वतः शिकवू लागल्या. २०१७ पासून गेशेमांसाठी तंत्रशास्त्राचा पुढचा अभ्यासक्रमही सुरू झाला. झांस्कर, स्पिती, किन्नौर इथून आलेल्या मुली शिकून परत जातात. जिथे हिवाळ्यात रस्ते महिनोन्‌महिने बंद असतात तिथे वाचता येणारी, औषधाची चिठ्ठी समजणारी, मुलींना शाळेत घाला म्हणून घरोघर सांगणारी बाई म्हणजे काय, हे त्या गावांना विचारा. तिथे लोक धर्माच्या माणसाचं ऐकतात. ते माणूस आता बाईही असतं.

नेपाळातल्या द्रुक्पा परंपरेतल्या, कुंग फू शिकणाऱ्या भिक्षुणी तुम्ही पाहिल्या असतील. २०१५ च्या भूकंपात त्यांनी मदतकार्य केलं, मुलींच्या विक्रीविरुद्ध काठमांडूपासून लेहपर्यंत शेकडोंनी सायकली हाकल्या. कॅमेऱ्याला ते भावतं, आणि भावायलाच हवं. मला मात्र हे अंगणही तितकंच धाडसाचं वाटतं. तीस-चाळीस जणींच्या गराड्यात उभं राहून आपलं म्हणणं हेतूसकट मांडायचं, ते मोडून पडलं तर सगळ्यांसमोर सोसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसायचं. गावच्या पंचांसमोर, सरकारी कचेरीत, परदेशातल्या परिषदेत बोलायची वेळ येते तेव्हा या बाईचा आवाज कापत नाही.

उपसंपदेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. बोधगयेत १९८७ मध्ये जगभरातल्या बौद्ध स्त्रिया जमल्या आणि 'शाक्यधीता' म्हणजे शाक्यकन्या ही संघटना उभी राहिली. तिथपासून हा प्रश्न सतत विचारला जातो आहे. श्रीलंकेत आणि इतरत्र थेरवादी भिक्षुणीसंघ पुन्हा उभा राहिला. भूतानमध्ये जून २०२२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी १४४ स्त्रियांना पूर्ण उपसंपदा दिली. तिबेटी परंपरेचे बाकीचे आचार्य अजून विनयाची पानं चाळत आहेत. फरक इतकाच, की तीच पानं आता गेशेमाही चाळतात, आणि त्यांना ती पाठ आहेत.

[अंगण. उजेड उतरत चालला आहे.]

ही नवी मुलगी. पहिल्याच आठवड्यात आहे. 'धीः' म्हणताना तिचा आवाज घशातच राहतो, आणि टाळीच्या वेळी उजवा पाय पुढे येतो. शिकवणाऱ्या गेशेमा तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आहेत. इथे शिक्षकाला 'गेन-ला' म्हणतात, गुरुजी म्हणावं तसं. त्या शब्दाला बाईपुरुष असा भेद नाही. गेन-ला तिचा डावा हात धरून पुढे करतात, तळवा वर वळवतात, उजवा खांद्यामागे नेऊन ठेवतात, आणि बसलेल्या मुलीकडे बोट दाखवून म्हणतात, आता विचार.