मानेतला 'कटकन्'

[दृश्य: पहाट. नागपूरचं कळमना मार्केट. पोतं उतरवून कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला हमाल.]

उसण भरली की जुन्या लोकांचा इलाज ठरलेला असायचा. पायाळू माणूस शोधायचा आणि कमरेवर त्याची लाथ घ्यायची. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत विचारत गेलं, की कोणीतरी पायाळू निघायचाच. सलूनमध्ये चंपीनंतर न विचारता मान मोडून देतात, तेही त्याच घराण्यातलं. आता हा प्रकार 'कायरोप्रॅक्टिक' म्हणून मोबाइलवर आलाय, म्हणजे हातानं झटका देऊन मणके 'बसवायचा' उपचार. टेबलावर पालथा पेशंट, एक झटका, कटकन् आवाज. "भाऊ, एकदम मोकळं वाटून राह्यलं!"

[दृश्य: सांगाड्याचा मणका, जवळून.]

कायरोप्रॅक्टिक सुरू झालं १८९५ साली, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्टला. हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराला जवळपास ऐकू येत नव्हतं. या उपचाराचे जनक डी. डी. पामर यांनी त्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा पामर यांचा दावा. कानाची नस पाठीतून जातच नाही, पण ते असो. सगळ्या आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यात, हे त्यांचं म्हणणं विज्ञानात टिकलं नाही.

कंबरदुखीपुरतं काही टिकलं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ साली कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी करून बघायच्या उपायांत व्यायाम, शेक, मालिश यांच्यासोबत मणक्याचा हा झटकाही घेतला. जादू नाही, त्या पंगतीतलं एक पान.

आणि तो आवाज? सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा. बोटं मोडतो तेव्हाही तोच. हाड 'जागेवर बसल्याची' ती पावती नाही.

[दृश्य: मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचं रेखाचित्र.]

खरी काळजी मानेची. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना छिद्रं असतात. त्यांतून दोन धमन्या मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्यापाशी वळसा घेतात. मान झटक्यानं पिळली, तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. तिथं गुठळी धरते, ती वर सरकली की लकवा. असं क्वचितच होतं. शिवाय कॅनडातल्या ऑन्टारिओच्या २००८ सालच्या एका अभ्यासात वेगळीच शक्यता पुढं आली: काहींची धमनी आधीच फाटलेली असते, आणि त्यानंच मान दुखते म्हणून ते उपचाराला जातात. म्हणजे झटका देणारा सुटला का? मला नाही वाटत. फाटलेल्या धमनीवर आणखी झटका कोण देतं?

हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, हातापायांतली ताकद कमी होत असेल, तर आधी डॉक्टर. लघवीवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, तर थेट मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत.

[दृश्य: धंतोली. एकावर एक लटकलेले दवाखान्यांचे बोर्ड.]

भारतात कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र कायदेशीर परिषद नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते, तो नंबर मागता येतो. बोर्डावर 'स्पाइन स्पेशालिस्ट' दिसलं, तर शिक्षण कुठं झालं ते विचारा. तपासणी न करता मानेला हात घालणाऱ्याकडून उठून या. मानेला झटका घेतल्यानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं, कधी नव्हे तशी मान किंवा डोकं दुखणं, यांतलं काहीही झालं, मग ते दोन दिवसांनी का होईना, तर १०८ ला फोन.

[दृश्य: सीताबर्डीतलं सलून. चंपी संपते. दोन हात हनुवटीकडे सरकतात.]

"राहू द्या भाऊ. मान नका मोडू."